वडाची पूजा आणि नर उंदरांचे आयुष्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "आरोग्यावर काहीतरी बोला" असे सांगितले. तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकविले असल्यामुळे जंत, कावीळ आणि पांडुरोग यांवर मी झोपेतूनही उठून बोलू शकते. परंतु आजचा विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या गल्लीतून चालत माझ्या ओट्यावर आला.

वटपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी शेजारची एक सून आली. पदराआड कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचे पाकीट होते. म्हणाली, "बाई, बायकांचं हार्मोन पुरुषाला दिलं तर त्याचं आयुष्य वाढतं म्हणे. आमच्या मालकांना चहातून देऊ का? सासरे पन्नाशीत गेले, थोरले दीरही तसेच गेले. आता ह्यांची पाळी येईल म्हणून जीव घाबरा होतो." तिने ते मोबाईलवर ऐकले होते. मला आधी हसू आले, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ते मावळले. उद्या वडाला सूत गुंडाळायचे होते, आणि तिला वाटत होते की तेवढ्याने भागणार नाही.

तिने ऐकले ते अगदीच खोटे नव्हते, म्हणून तर जास्त धोक्याचे.

स्त्रीच्या शरीरात जे मुख्य हार्मोन असते त्याला एस्ट्राडिओल म्हणतात. त्याचे एक जुळे भावंड आहे, अल्फा-एस्ट्राडिओल. दोघांचे अणू तेच आणि तितकेच, फक्त सतराव्या कार्बनावरचा एक लहानसा गट उलट दिशेला वळलेला. एका बहिणीने नथ डाव्या नाकपुडीत घातली आणि दुसरीने उजवीत, एवढाच काय तो फरक समजा. परंतु शरीर त्या नथीकडेच पाहते. पहिली बहीण स्त्रीत्वाची सगळी कामे करते, दुसरी त्या बाबतीत जवळजवळ मुकी आहे.

अमेरिकेत सरकारी खर्चाने एक मोठा प्रयोग वर्षानुवर्षे चालू आहे. मेन, मिशिगन आणि टेक्सास अशा तीन ठिकाणी एकाच जातीचे उंदीर पाळतात, त्यांच्या खाण्यात एकेक औषध मिसळतात आणि कोण किती जगले ते मोजतात. एका जागी चूक झाली तर दुसऱ्या जागी पकडली जावी म्हणून तीन ठिकाणे. (आमच्या शाळेच्या तपासनिसांनाही ही युक्ती सुचली असती तर!) या मुक्या बहिणीचा पहिला निकाल २०१४ साली छापून आला. नर उंदरांचे मध्यम आयुष्य सुमारे १२ टक्क्यांनी वाढले. मात्रा तिप्पट केली तेव्हा, म्हणजे २०१६ च्या निकालात, ते १९ टक्क्यांनी वाढले. माद्यांवर काहीही परिणाम नाही. पुढे २०२१ साली असेही छापून आले की, उंदीर म्हातारपणाकडे झुकल्यावर औषध सुरू केले तरी नरांना लाभ होतो. नर नरच राहिले, आणि त्यांची प्रजननक्षमता गेली नाही असेही दिसले.

आता थोडे संकोचाचे बोलते, पण आपण शेळ्यांच्या जिल्ह्यातल्या बायका आहोत. उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर आहे, आणि बोकड खच्ची का करतात हे इथे लहान मुलीलाही ठाऊक असते. माणसांतही असे पाहिले गेले. कोरियाच्या राजवाड्यातील ८१ खोज्यांच्या वंशावळी तपासल्या, तेव्हा ते त्याच दर्जाच्या इतर पुरुषांपेक्षा १४ ते १९ वर्षे अधिक जगले असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा प्रश्न पडतो की हे औषध म्हणजे गोळीतले खच्चीकरण तर नव्हे? तसे दिसत नाही. २०१७ साली आलेल्या प्रयोगात खच्ची केलेल्या नरांना औषध दिले, तर साखर पचविण्याची शक्ती जी इतर नरांत सुधारली ती यांच्यात सुधारलीच नाही. म्हणजे या औषधाला नराचे नरपण असावे लागते. का, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही.

परंतु उंदीर म्हणजे घरधनी नव्हे. माणसाचे आयुष्य या औषधाने वाढते असे कोणीही दाखविलेले नाही. आणि शेजारणीच्या पाकिटात मुकी बहीण नव्हतीच. त्यात बोलकीच्याच जातीचे, स्त्रीत्वाचे काम करणारे हार्मोन होते, आणि जोडीला आणखी एक.

बोलक्या बहिणी पुरुषांना देऊन पाहिल्या आहेत, हे तिला मोबाईलवर कोणी सांगितले नव्हते. १९६६ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी सुरू झाली. हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेले ८,३४१ पुरुष घेतले आणि त्यांतील काही गटांना गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले स्त्री-हार्मोन दिले. विचार असा की बायकांना झटके कमी येतात, तर त्यांचे रक्षक पुरुषांनाही उसने द्यावे. झाले उलटेच. झटके आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. मोठ्या मात्रेचा गट १९७० साली बंद करावा लागला, लहान मात्रेचा १९७३ साली. ही हकिगत मी त्या सुनेला सांगितली तेव्हा तिने पाकीट मुठीत घट्ट धरले.

आणखी एक गोष्ट. बाईला दीर्घायुष्य हार्मोनाने आंदण दिलेले आहे असे आपण सहज म्हणतो. पण १९७० ते ७५ च्या काळात आपल्या देशात पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षे होते आणि स्त्रीचे ४९. हार्मोन तेव्हाही हेच होते. बाळंतपणे आणि अर्धपोटी राहणे यांपुढे त्याचे काही चालले नाही. २०१६ ते २० मध्ये पुरुष ६८.६ आणि स्त्री ७१.४ असे झाले.

माझे यजमान एकसष्टाव्या वर्षी गेले. वडाच्या फेऱ्यांत मी कधी कसूर केली नव्हती. त्यांचे ब्लडप्रेशर मात्र आम्ही दोघांनीही कधी मोजवून घेतले नव्हते. तंबाखूची डबी मीच भरून ठेवीत असे.

म्हणून त्या रात्री मी सुनेला एवढेच म्हटले, "पूजा कर, पण परवा सकाळी मालकांना घेऊन माझ्याबरोबर दवाखान्यात चल." तो कुरकुरत आला. पट्टा बांधला तेव्हा वरचा आकडा १७० च्या पुढे गेला. आता त्याला रोज एक गोळी आहे, डॉक्टरांनी दिलेली. चहाबरोबरच देते ती, पण चहात घालून नव्हे. आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. तंबाखू अजून सुटलेली नाही. त्यावरून त्यांच्या घरात रोज भांडण होते, आणि ते आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येते.