थोड्या खर्चातला एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे काही ऐकायला मिळेल, अशी आशा धरू नका. थोड्या खर्चात एक दिवस घराबाहेर कसा घालवावा, एवढेच मी सांगणार आहे.

आपण बायका घराबाहेर पडतो कधी? लग्न, बारसे, दवाखाना, नाही तर कुणाच्या मातीला. फार झाले तर नाथषष्ठीला. नुसते हिंडावे, डोळे भरून काही पाहावे, म्हणून आपल्यापैकी किती जणी गेल्या? दुसऱ्यांचे कशाला, मी स्वतः पंचवीस वर्षे चितेगावात नांदते आहे. पैठणच्या गाड्या आपल्या गावावरूनच जातात. तरी नाथसागर मी पाहिला नव्हता.

गेल्या थंडीत मनाचा हिय्या केला. मी, शेजारच्या काकू आणि माझ्या सासूबाई, अशा तिघी निघालो. सासूबाईंचे वय सत्त्याहत्तर. घरून "कशाला उगाच खर्च?" असे झालेच. पण मार्च २०२३ पासून एस. टी.त आपल्याला अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. सासूबाईंनी आधार कार्ड दाखवले आणि झाले. जाऊन-येऊन गाडीला मला शंभर रुपयेसुद्धा लागले नाहीत. जेवण घरचेच. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा.

पैठणला आधी नाथांच्या वाड्यात गेलो. षष्ठीच्या गर्दीत नुसता धक्का लागून पुढे जावे लागते. त्या दिवशी मात्र रांजणापाशी निवांत उभे राहता आले. रामेश्वराला न्यायची कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी लावली, ती गोष्ट काकूंनी तिथेच सांगितली. मग घाटावर समाधीचे दर्शन घेतले. दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव प्रतिष्ठान म्हणून सातवाहन राजांची राजधानी होते. वाटेत पैठणीचे माग पाहिले. पदरावरचा मोर बाई एकेक रंगाचा धागा हाताने भरून विणत होती. अस्सल पैठणी उलटीकडूनही सुलटीसारखीच दिसते, हे मला तेव्हा कळले. घेण्याची ऐपत नसली तरी पाहायला पैसे पडत नाहीत.

दुपारी रिक्षाने धरणाकडे गेलो. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे हे मातीचे धरण, त्याला सत्तावीस दरवाजे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी याचा पाया घातला आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. संभाजीनगर शहर याच नाथसागराचे पाणी पिते. थंडीत इथे दूरदूरचे पक्षी उतरतात. कच्छच्या रणात घरटी करणारे रोहित पक्षीही येतात. लांब काठाशी गुलाबी रेघ ओढल्यासारखा त्यांचा थवा दिसत होता. काकू तर लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवू लागल्या.

सासूबाई मात्र गप्प होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमचं गाव इथून कोणत्या अंगाला असंल गं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झाले. त्यांचे माहेर धरणात गेलेले. ते मला ठाऊक होते, पण ठाऊक असणे वेगळे. त्यांनी हात लांब करून दाखवले. तिकडे विहीर, तिच्यावर जांभूळ, पलीकडे मारुतीचे देऊळ. मला नुसते पाणी दिसत होते. मग त्यांनी पदराची गाठ सोडली. आत हळदकुंकवाची पुडी होती. पाण्याच्या कडेला बसून त्यांनी ते वाहिले आणि म्हणाल्या, "माहेरी यायचं अन् उंबऱ्याला हळदकुंकू नाही वाहायचं, असं कसं?"

परतताना मी विचारले, "आत्याबाई, इतक्या वर्षांत कधी बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "कुणी 'चल' म्हणलंच नाही."

भगिनींनो, तासाभराची वाट, आणि पन्नास वर्षांत त्यांना ती सापडली नाही. पैसा आडवा आला नव्हता. बाईने कामाशिवाय बाहेर पडू नये, ही समजूत आडवी आली. ती समजूत पुरुषांचीच आहे असे मी म्हणणार नाही. सून म्हणून मीही पंचवीस वर्षे कधी विचारले नाही.

आता चार गोष्टी व्यवहाराच्या. मार्गशीर्ष ते माघ हे दिवस चांगले. सकाळी लवकर निघावे, म्हणजे ऊन चढण्याआधी गाव पाहून होते. परतीच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर विचारून ठेवावी. काठावरचा गाळ फसवा असतो, म्हणून पाण्यात उतरू नये आणि पोरांचा हात सोडू नये. पिशव्या, पत्रावळी तिथे टाकू नयेत. तेच पाणी नळाने कुणाच्या तरी घरी जाते.

माझी मंडळाला एक विनंती आहे. भिशीबरोबर दरमहा दहा रुपये वेगळे ठेवावेत आणि वर्षातून एक दिवस सगळ्यांनी मिळून बाहेर पडावे. जिच्याकडे तेवढेही नसतील तिचे आपण भरू. आणि निघताना प्रत्येकीने घरातल्या म्हातारीला आधी विचारावे, "तुम्हाला कुठे जायचे आहे?" काय उत्तर येईल, ते आपल्याला ठाऊक नसते.