छाती दाबली होती का कुणी?

‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ हे शब्द आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. मी तर आयुष्यभर हृदयावर कविता केल्या. पण एस.टी. स्टँडवर आमचे चाचा माझ्यासमोर कोसळले, तेव्हा त्या हृदयाचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. कुणी तोंडात पाणी ओतलं, कुणी नाकाशी कांदा धरला, मी रिक्षासाठी धावलो. पंचवीस मिनिटांनी दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “छाती दाबली होती का कुणी?”

तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचू लागलो. हृदयविकाराचा झटका वेगळा. त्यात रक्तवाहिनी तुंबते, माणूस बहुधा बोलत असतो. हृदयच थांबलं, तर तो बेशुद्ध पडतो, श्वास बंद होतो. मग मिनिटामिनिटाला वाचण्याची आशा घटत जाते.

अमेरिका आणि कॅनडातल्या दहा ठिकाणांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या आणि रुग्णवाहिकेच्या पथकाने उपचार केलेल्या शंभर जणांपैकी अलाबामात तीन वाचले, सिअ‍ॅटलमध्ये सोळा. देश एकच, डॉक्टरांची पुस्तकंही तीच! सिअ‍ॅटलने १९७०च्या दशकातच साध्या नागरिकांना छाती दाबायला शिकवलं होतं. तिथे मदतीसाठी फोन केला, तर पलीकडचा माणूस फोनवरच कसं दाबायचं ते सांगतो. सगळा फरक एवढ्यानेच पडतो असं नाही. पथक किती लवकर पोचतं, हेही आहेच.

डेन्मार्कने २००५मध्ये हे शिक्षण शाळेत सक्तीचं केलं, पुढच्या वर्षी वाहन परवान्यासाठीही. तिथे २००१मध्ये शंभरांतल्या एकवीस जणांची छाती जवळच्या लोकांनी दाबली होती. २०१०मध्ये पंचेचाळीस जणांची. महिनाभर जगणारे साडेतीनांवरून जवळपास अकरांवर गेले. अर्थात त्या काळात तिथले उपचारही सुधारले.

आपल्याकडे २०१४पासून १०८ची रुग्णवाहिका आहे. ती येईपर्यंत मात्र रुग्णाजवळ आपणच असतो.

मीही शिकायला गेलो. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपर ताठ, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मी प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर मोजत होतो. शिकवणारी मुलगी हसून म्हणाली, “काका, लय वाढवा.” तिसाव्या दाबाला हात भरून आले. चाचांची ती पंचवीस मिनिटं किती लांब होती, ते मला तेव्हा कळलं.