बालकांची मान आणि वार्षिक सोनोग्राफीचा ठराव



मुंबई-पुणे हमरस्ता आणि लोहमार्ग यांना खेटून वसलेल्या या कासारवाडीत, पिंपरी, भोसरी व चाकण येथील कामगारांची मुले आपल्यापैकी पुष्कळांच्या दवाखान्यांत रोज येतात अशा ठिकाणी, बालवैद्यक व क्ष-किरणशास्त्र या दोन्ही शाखांची ही परिषद भरावी हे उचितच झाले. उद्या मतास पडणारा ठराव असा आहे की, थायरॉइड ग्रंथीच्या स्वप्रतिरक्षाजन्य दाहाचे, म्हणजे व्यवहारात आपण ज्यास हाशिमोटो म्हणतो त्या विकाराचे, निदान झालेल्या प्रत्येक बालकाची, कर्करोगाच्या संभवास्तव, दर वर्षी सोनोग्राफी व्हावी. ठराव मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. परंतु तो आहे तसा मंजूर होऊ नये असे माझे मत असल्याने, अध्यक्षाने तटस्थ राहावे हा शिरस्ता मी आज मोडणार आहे.

हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींत लसीकापेशींची दाटी वर्णिली, तेव्हा हा विकार शाळकरी मुलींतही आढळेल असे कोणाच्या ध्यानीमनी नसावे. आपल्याकडे तर गलगंड म्हणजे आयोडीनची उणीव हे समीकरण इतके पक्के होते की, १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन पुढे आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचल्यावरच, भरलेल्या मानेचे दुसरे कारण आपण नेटाने शोधू लागलो.

कर्करोगाची भीती निराधार नाही, हे मी प्रथमच कबूल करतो. इटलीतील एका पाहणीत, जी २००८ साली प्रसिद्ध झाली, अशा ३६५ बालकांपैकी ११५ जणांच्या ग्रंथीत गाठी सापडल्या आणि ११ जणांना पॅपिलरी कर्करोग निघाला. शेकडा तीन हे प्रमाण ऐकून कोणाही आईच्या काळजात चर्र व्हावे. तथापि ही मुले तज्ज्ञांच्या केंद्रांत पोहोचलेली होती, गल्लीतली सरसकट मुले नव्हती, आणि कर्करोगाकडे बोट दाखवणारी चिन्हे, म्हणजे वाढती गाठ, मानेतील सुजलेल्या लसीका ग्रंथी व औषधाला न जुमानणारी सूज, ही बहुतांशी डोळ्यांना व बोटांना कळण्याजोगी होती. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनात, बालकांच्या गाठींपैकी शेकडा २२ ते २६ कर्करोगाच्या निघतात, प्रौढांत हेच प्रमाण ५ ते १० असते, असे नमूद असूनही, हाशिमोटोच्या मुलांत सोनोग्राफी सांगितली आहे ती मान तपासताना संशय आल्यावर, आणि तीही अनुभवी हाताकडून.

दर वर्षी यंत्र लावल्याने बिघडते काय, असा प्रश्न येईल. दाहाने चितारलेल्या ग्रंथीत गाठीसारखे दिसणारे पण गाठ नसलेले ठिपके पुष्कळ असतात. बालकांत थायमसचा एखादा तुकडा थायरॉइडमध्ये राहून गेलेला असतो आणि तो पडद्यावर थेट कर्करोगाचा वेष घेऊन उभा राहतो. शेजारच्या लसीका ग्रंथी तर या विकारात सुजलेल्या असावयाच्याच. मग सुई, मग दुसरी सुई, आणि घाबरलेल्या आईबापांच्या आग्रहाखातर कधी शस्त्रक्रिया, जिच्यात कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या ग्रंथी आणि आवाजाची नस दोन्ही पणास लागतात. दक्षिण कोरियात प्रौढांच्या माना सर्रास तपासल्या जाऊ लागल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड-कर्करोगाचे निदान पंधरापट झाले, मृत्यूंची संख्या मात्र जागची हलली नाही. फुकुशिमाच्या २०११ च्या अपघातानंतर सुमारे तीन लाख मुलांची तपासणी झाली, शंभरावर मुलांत कर्करोग वा त्याचा संशय निघाला, आणि त्याचे मुख्य कारण तपासणीची सूक्ष्मताच होय असे संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक समितीनेही मानले.

भोसरीच्या कारखान्यात गुणनियंत्रण खात्यात काम करणाऱ्या बापाला मुलीच्या मानेची वार्षिक मोजणी स्वाभाविकच वाटते. परंतु त्याच्या गेजला टॉलरन्स आधी ठरवून दिलेला असतो. आमच्या यंत्राला तो नाही, आणि नापास ठरलेला भाग बदलून मिळण्याची सोय तर मुळीच नाही.

एका ठिकाणी माझा युक्तिवाद लंगडा पडतो, तेही सांगितले पाहिजे. पॅपिलरी कर्करोगाचा एक प्रकार असा आहे की, त्यात सुटी गाठ नसते. सबंध ग्रंथी घट्ट होते, प्रतिपिंडेही सापडू शकतात, आणि हाशिमोटो म्हणून आपण गोळी लिहून देतो. सोनोग्राफीत विखुरलेले चुनखडीचे सूक्ष्म कण दिसले तरच त्याचा माग लागतो. म्हणून दगडासारखी घट्ट किंवा एका अंगाने वाढलेली ग्रंथी हाताला लागताच सोनोग्राफीस एक दिवसही विलंब होऊ नये. बालपणीचा हा कर्करोग फुप्फुसांत पोहोचूनही बहुधा उपचाराला दाद देतो, आणि थायरॉइडच्या किरणोत्सारी आयोडीन-उपचारात नाव मिळवलेले परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आपल्या हाकेच्या अंतरावर आहे.

खरी उणीव यंत्रांची नाही, दप्तराची आहे. कंत्राट संपले की बिऱ्हाड चाकणहून रांजणगावला जाते, आणि मागचा रिपोर्ट पत्र्याच्या खोलीतच राहतो. मग गाठ वाढली की तेवढीच आहे, हे सांगावे कोणी? शिवाय रिपोर्टात ‘थायरॉइडायटिसशी सुसंगत’ एवढेच लिहून खाली सही ठोकण्याची जी पद्धत पडली आहे, ती आपणा क्ष-किरणतज्ज्ञांस शोभत नाही. गाठीची तीन बाजूंची मापे, तिची जागा, कडा, आतील कण आणि लसीका ग्रंथींचे स्वरूप लिहावयास पाच मिनिटे पुरतात. शाळांतून सोनोग्राफीची शिबिरे भरवावीत अशीही एक सूचना आली आहे. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा या राज्याने १९८८ साली, देशात प्रथम, केला आणि पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला, त्यायोगे मान तपासावयाची असो वा पोट, यंत्र नोंदणीत असावेच लागते व ते मनास येईल तिथे नेता येत नाही, याचा सूचकांस विसर पडला असावा.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी: दर भेटीस, निदान वर्षातून एकदा, बालकाची मान हाताने तपासून नोंद व्हावी; संशय येताच सोनोग्राफी व्हावी; पूर्वी किरणोपचार झालेल्या किंवा कुटुंबात थायरॉइड-कर्करोग असलेल्या मुलांचा विचार स्वतंत्रपणे व्हावा; आणि प्रत्येक रिपोर्टाची मापांसह प्रत पालकांच्या हाती पडावी. दुरुस्तीचा लेखी मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. विरोधकांनी आपली नावे भोजनापूर्वी नोंदवावीत, म्हणजे उद्याच्या चर्चेत प्रत्येकास पुरेसा वेळ देता येईल.