तांब्याच्या कुऱ्हाडीमागचा दगड

अश्मयुग सरलें आणि धातुयुग आलें, असें आपण शाळेंत शिकतों. जणूं एका रात्रींत मनुष्यानें दगड टाकून तांबें हातीं धरलें! रशियांतील ओरेनबुर्गजवळचा कारगालीचा गवताळ माळ मात्र निराळी साक्ष देतो. सुमारें ५,००० वर्षांपूर्वीं तेथें तांबें खणण्यास आरंभ झाला. पुढें तेथें वसलेल्या गोर्नी या खाणकऱ्यांच्या वस्तीचें उत्खनन येव्गेनी चेर्निख या पुरातत्त्वज्ञांनीं १९९० नंतरच्या दशकांत केलें. तेथें ओतकामाचे सांचे निघाले, तसेच खनिज फोडण्याचे दगडी हातोडेहि निघाले. हाडें तर २० लाखांहून अधिक, तीं बहुतेक गुरांचीं! खाल्लेल्या जनावरांच्या हाडांच्या पाचरी करून खाणकरी खडक उकरीत.

म्हणजे तांबें आलें तरी दगड निवृत्त झाला नाहीं. हाडहि कामास जुंपलें गेलें. दगडानें खनिज फोडावें, तेव्हां कोठें भट्टींत तांबें वितळावें, असा तो क्रम होता. म्हणून संग्रहालयांत तांब्याची सुबक कुऱ्हाड पाहाल, तेव्हां शेजारचा ओबडधोबड दगडहि क्षणभर न्याहाळा. त्याला घासूनपुसून कोणीं ठेविलें नसेल. पण ती कुऱ्हाड त्याच्याच कष्टांतून जन्मली आहे.