तोंडाची रोगप्रतिकारशक्ती

माणसाच्या तोंडात आजवर ७०० हून अधिक जातींचे जीवाणू आढळले आहेत. खाताना गालाला आणि हिरड्यांना बारीक जखमाही होत असतात. तरीही निरोगी तोंडात संसर्ग सहसा मूळ धरत नाही, कारण तिथे संरक्षणाचे अनेक थर एकाच वेळी काम करतात.

पहिला थर लाळेचा. लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आणि शेकडो लहान ग्रंथी दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. लाळ जंतूंना धुऊन पोटात नेते आणि तिथल्या आम्लात त्यांतले बहुतेक मरतात. लाळेतले लायसोझाइम जीवाणूंची भिंत फोडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याची माहिती १९२२ मध्ये, म्हणजे पेनिसिलिनच्या शोधाच्या सहा वर्षे आधी प्रसिद्ध केली. लॅक्टोफेरिन जीवाणूंना हवे असलेले लोह अडवून ठेवते, तर हिस्टॅटिन कँडिडा या बुरशीला आवर घालते. आयजीए ही प्रतिपिंडे जंतूंना एकत्र जखडतात, त्यामुळे त्यांना दाताला किंवा गालाला चिकटणे अवघड जाते.

दुसरा थर तोंडाच्या अस्तराचा. त्यातल्या वरच्या पेशी सतत झडतात आणि त्यांना चिकटलेले जंतूही सोबत जातात. घशाशी असलेल्या टॉन्सिलमधल्या पेशी येणारे जंतू ओळखून प्रतिपिंडांची तयारी करतात.

सर्वांत नाजूक जागा दात आणि हिरडी यांच्यामधली, कारण तिथे अस्तराची सलगता तुटते. म्हणून निरोगी माणसातही न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तातून त्या फटीत अखंड येत राहतात आणि जंतू गिळतात. काही मुलांत जन्मजात दोषामुळे या पेशी रक्तवाहिनीबाहेर पडू शकत नाहीत. अशा मुलांचे दात लहान वयातच हलू लागतात.

मात्र हाच प्रतिकार लांबला तर नुकसानही करतो. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे थांबवले. दातांवर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर साचला आणि १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू होताच सूज ओसरली. असा दाह वर्षानुवर्षे राहिला तर दातांभोवतीचे हाड झिजू शकते.

मानेवरील किरणोपचाराने किंवा काही औषधांनी लाळ कमी झाली, की दातकीड आणि बुरशी बळावते. एचआयव्हीच्या संसर्गात तोंडात कँडिडाचे पांढरे चट्टे उठू शकतात. अनियंत्रित मधुमेहात हिरड्यांचा आजार वाढतो. तंबाखू आणि मिश्री यांनी अस्तराला इजा होते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार लपून राहतो. रोज दोनदा दात घासणे, तंबाखू टाळणे आणि हिरडीतून रक्त येताच दंतवैद्याकडे जाणे, एवढ्याने या संरक्षणावरचा भार बराच हलका होतो.