पिंजऱ्यातील प्रवासी

मे महिन्याची सुटी लागली की वाकोल्यातील घराघरांतून बांधाबांध सुरू होते. कोणी कोकणात निघतो, कोणी घाट चढून देशावर जातो. कपडे, खाऊ, औषधे, मुलांचे खेळ या सर्वांची यादी होते. परंतु ज्या घरी खिडकीशी पिंजरा टांगलेला असतो, तेथे अगदी अखेरच्या घटकेस एक प्रश्न उभा राहतो. या पाखरांचे काय करावयाचे? शेजारीही परगावी निघालेले असतात. मग पिंजरा उचलून मोटारीत ठेवला जातो. ठेवणाराच्या मनात माया असते यात संशय नाही; परंतु त्या मायेला थोड्या माहितीची जोड नसेल, तर पाखराच्या जिवावर बेतते.

वाकोल्यातीलच एका घरी गेल्या वर्षी असेच घडले. या घरात आईवडील, आजोबा व दहा वर्षांची नात अशी चार माणसे. नातीच्या हट्टाखातर झेब्रा फिंच या जातीची एक जोडी पाळलेली. फिंच हा मुनियेचा जातभाई होय. आपली लाल मुनिया पूर्वी अहमदाबादेहून परदेशी जात असे आणि त्या शहराच्या नावावरूनच शास्त्रज्ञांनी तिला ‘अमंडावा’ हे नाव दिले. तथापि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांमुळे आपल्या देशातील रानपाखरांचा व्यापार बंद झाला आहे. म्हणून घरोघरी दिसतात ती पिंजऱ्यातच पैदास झालेली परदेशी पाखरे. झेब्रा फिंच मूळचे ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष मुलखातले. चोच लाल, नराच्या गालांवर नारिंगी ठिपके, आवाज पोराच्या पिपाणीसारखा आणि वजन अवघे बारा ग्रॅम, म्हणजे चहाच्या तीन चमचे साखरेएवढे.

मुलीचे आजोळ सोलापूरचे. वाकोल्यापासून सुमारे चारशे किलोमीटरांचा रस्ता. निघता निघता सकाळचे दहा वाजले. पिंजऱ्यातील पाण्याची वाटी काठोकाठ भरली होती व दाण्याची वाटीही भरलेली होती. पाखरे विकणाऱ्याने सांगितले होते, “हे वाळवंटातले पाखरू, याला पाण्यावाचून चालते.” त्यामुळे कोणी फारसा विचार केला नाही. परंतु पहिल्या दोनचार गतिरोधकांवरच वाटीतील पाणी हिंदकळून सांडले आणि तळाचा कागद भिजला. खालापूरला मंडळी न्याहारीस उतरली. मोटार उन्हात, काचा बंद आणि पिंजरा आत. पाचच मिनिटांत परतावयाचे होते. अर्धा तास लागला. पुढे पुणे मागे पडले. दाण्याची वाटी भरलेलीच दिसत होती. पण ती नुसती टरफले होती. फिंच दाणा सोलून खाते व टरफल वाटीतच टाकते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नाही. भिगवणच्या सुमारास नर चोच उघडी टाकून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. इंदापूर येण्यापूर्वीच तो गेला.

“आजोबा, तो ओरडलासुद्धा नाही हो,” एवढेच मुलगी म्हणाली.

तिच्या या बोलण्यातच साऱ्या विषयाचे मर्म आहे. लहान पाखरू आपले दुखणे लपविते. रानात जे दुबळे दिसते त्यावर ससाण्याची झडप प्रथम पडते. म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ते धडधाकट असल्यासारखेच वावरते. ते तळाशी येऊन बसले म्हणजे बहुतेक वेळ हातची गेलेली असते. सबब त्याच्या तक्रारीची वाट न पाहता, ती उद्भवणारच नाही अशी तजवीज आधीच केली पाहिजे.

त्या दिवशी पाखरावर दोन संकटे एकदम आली, उष्णता आणि तहान. पक्ष्याच्या शरीराची उष्णता मुळातच चाळीस अंशांच्या वर असते व त्याच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी नसतात. उन्हाने जीव घाबरला की ते चोच उघडून धापा टाकते. श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर पडते आणि शरीर निवते. आता वाकोल्यासारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा साधारण तेहतीस अंशांवर असला तरी हवा दमट असते; अशा हवेत वाफ सहज होत नाही, म्हणून धापा टाकूनही पाखरू पुरते निवत नाही. बोरघाट चढून देशावर आले की उलट प्रकार. तेथील कोरड्या हवेत वाफ झपाट्याने होते; पण तितक्याच झपाट्याने अंगातील पाणी सरते. सोलापुराकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या घरात असतो. म्हणजे घाटाखाली उष्म्याची चिंता अधिक, तर घाटावर तहानेची.

फिंच पाण्यावाचून राहते, या समजुतीत सत्याचा अंश आहे. काही झेब्रा फिंच नुसत्या कोरड्या दाण्यावर महिनोन्महिने जगल्याचे प्रयोगांत आढळले आहे. परंतु ते प्रयोगशाळेच्या मध्यम हवेत, आणि तेही सवय लावून घेतलेले पक्षी. एरवी हे पाखरू दिवसाकाठी चहाचा अर्धा चमचा, कधी थोडे अधिक पाणी पिते. तापलेल्या मोटारीत त्या अर्ध्या चमच्यावरच त्याचे प्राण अवलंबून असतात. बंद काचांची मोटार उन्हात उभी राहिली की दहा मिनिटांत आतील उष्णता सुमारे दहा अंशांनी वाढते व तासाभरात वीस अंशांहूनही अधिक. अशा भट्टीत मोठा कुत्राही तग धरीत नाही. बारा ग्रॅमांच्या जिवाची काय कथा!

यंदा त्याच घरी तयारी आठवडाभर आधी सुरू झाली. एकट्या राहिलेल्या मादीस नवा जोडीदार आणला होता, कारण हे पाखरू थव्यात राहणारे. त्याला एकटेपणा सोसत नाही. प्रवासासाठी लहान पिंजरा घेतला, त्यातील झोके व खेळणी काढून टाकली आणि दांडी तळापासून चार बोटांवर बसविली, म्हणजे धक्का बसला तरी पडून इजा होऊ नये. पाखरांना सवय व्हावी म्हणून दोनदा त्यांना मोटारीतून कलिन्यापर्यंत फिरवून आणले.

निघण्याची वेळ पहाटे पाचची ठरली. पिंजरा मागच्या आसनावर पट्ट्याने घट्ट बांधला. पुढच्या आसनासमोरची हवेची पिशवी अपघातात फुगली तर पिंजऱ्याचा चुराडा व्हावयाचा. तीन बाजूंनी पातळ सुती कापड टाकून समोरची बाजू मोकळी ठेवली. थंड हवेचा झोत थेट पाखरांवर येणार नाही असे पाहिले. मोटारीत अत्तर, उदबत्ती किंवा धूर यांस बंदी. पाखराची फुप्फुसे फार नाजूक असतात. विषारी वायूची सूचना माणसाच्या आधी मिळावी म्हणून इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत असत आणि ही प्रथा १९८६ पर्यंत चालू होती.

पाण्याची व्यवस्था मुलीने आपल्याकडे घेतली. चालत्या मोटारीत उघडी वाटी नाही. तिच्याऐवजी काकडीची एक चकती, सफरचंदाची बी काढलेली फोड व धुतलेल्या कोथिंबिरीची काडी तारेला अडकविलेली. त्यांतून ओलावा मिळतो, सांडण्याची भीती नाही आणि अंग भिजत नाही. दोन-तीन तासांनी ती बदलावयाची, कारण उन्हाळ्यात चिरलेले फळ लवकर आंबते. दर तासाला मोटार सावलीत थांबवून घरचेच पाणी वाटीत ठेवावयाचे आणि पाखरे शांत होऊन पिईपर्यंत दहा मिनिटे वाट पाहावयाची. दाण्यावरची टरफले प्रत्येक वेळी फुंकून टाकावयाची व खाली राळे किती उरले ते पाहावयाचे. पाखरू धापा टाकू लागले, पंख अंगापासून दूर धरू लागले, तर ताबडतोब गार सावलीत न्यावयाचे. परंतु त्यावर थंड पाणी ओतावयाचे नाही, की चोच उघडून पाणी घालावयाचे नाही. ते श्वासनलिकेत जाते. तेवढ्याने आराम न पडला तर पशुवैद्य गाठावा. प्रवासास निघण्यापूर्वी वाटेवरील एखाद्या पशुवैद्याचा पत्ता जवळ असावा हे उत्तम; मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय पुष्कळांच्या परिचयाचे आहेच.

खालापूरला मोटार थांबली. वडील म्हणाले, “पाचच मिनिटांत चहा घेऊन येऊ.”

“बाबा, गेल्या वर्षीही तुम्ही पाचच मिनिटे म्हणाला होता,” मुलगी म्हणाली.

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी पट्टा सोडला आणि पिंजरा स्वतः उचलून झाडाखालच्या बाकावर नेऊन ठेवला. आजोबांनी आपला चहा तेथेच मागविला.

भिगवणजवळ उजनीच्या जलाशयाचे पाणी दिसू लागले. हिवाळ्यात या पाण्यावर दूरदूरचे पक्षी येतात. त्यांची तहान भागविण्यास कोणी माणूस लागत नाही. आपले पाणी ते आपण शोधतात. पिंजऱ्यातील पाखराचा तो अधिकार माणसाने काढून घेतलेला असतो. म्हणून पाण्याची आठवण ठेवण्याचे काम त्याच्याकडे येते. मुलीने तेथे मोटार थांबवावयास लावली. दोन्ही पाखरांनी वाटीवर माना वाकवून पाणी प्यायले.

दुपार चढण्यापूर्वी सोलापूर आले. पिंजरा शांत खोलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवला. आजोळच्या मुलांना त्या दिवशी पाखरे पाहण्यास बंदी झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच खोलीतून पिपाणीसारखा आवाज आला. मुलगी अंथरुणातून उठली आणि प्रथम पाण्याची वाटी धुऊन आणावयास गेली.