पेटीतील मोटारी

(शाळेच्या हीरक महोत्सवात, कार्यानुभव कक्षातील प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवानिमित्त शाळेला अनेक देणग्या मिळाल्या. त्यांपैकी एका देणगीविषयी सविस्तर बोलावे, असे मला वाटते. कारण तिने आम्हां शिक्षकांना गेले सहा महिने विचारात पाडले आहे. सत्तरच्या दशकात आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या आणि पुढे अमेरिकेत अभियंता म्हणून स्थिरावलेल्या एका माजी विद्यार्थ्याने आयुष्यभर जमवलेले मोटारींच्या प्रतिकृतींचे चौतीस संच शाळेच्या स्वाधीन केले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव घेत नाही. चौतीसपैकी तेवीस मोटारी त्यांनी स्वतः जुळवलेल्या आहेत आणि अकरा पेट्यांचे वेष्टन अद्याप फोडलेलेही नाही. त्या अकरा पेट्यांचे काय करावे, हाच आमच्यापुढचा प्रश्न होता.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. पुठ्ठ्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले शंभरेक सुटे भाग असतात. ते कापून, घासून, रंगवून, चिकटवून मोटार उभी करायची. प्रमाण बहुधा १:२५ किंवा १:२४. म्हणजे दिल्लीच्या रस्त्यांवर आपण वर्षानुवर्षे पाहिलेली, सव्वाचार मीटरांहून थोडी लांब अशी अँबॅसडर १:२५ प्रमाणात सतरा सेंटीमीटरांची होईल. डेट्रॉइट परिसरातील एएमटी कंपनी सुरुवातीला मोटारविक्रेत्यांसाठी जाहिरातीच्या छोट्या मोटारी बनवत असे. १९५८ मध्ये तिने 'एकात तीन' संच बाजारात आणले. एकाच पेटीतून कारखान्यातून येते तशी मोटार करा, शर्यतीची करा, अथवा स्वतःच्या कल्पनेने सजवलेली करा. मुलाच्या हाती निवड देणारे हे संच अमेरिकेत घरोघरी पोहोचले.

प्रदर्शनातील बहुतेक मोटारी या तिसऱ्या प्रकारातल्या, म्हणजे केवळ प्रदर्शनात मिरवण्यासाठी घडवलेल्या गाड्यांच्या प्रतिकृती आहेत. या जगातले एक मोठे नाव म्हणजे कॅलिफोर्नियाचे एड रॉथ. ते मोटारीचा आकार प्लॅस्टरमध्ये घडवीत आणि त्यावर फायबरग्लासचे थर चढवीत. आपल्यापैकी ज्यांनी पेणच्या मूर्तिशाळा पाहिल्या आहेत, त्यांना हे काम परके वाटणार नाही. १९५९ ची 'आउटलॉ', त्यानंतरची 'बीटनिक बँडिट' आणि १९६३ ची 'मिस्टेरियन' या त्यांच्या गाड्या. बीटनिक बँडिटला छताऐवजी पारदर्शक घुमट आहे आणि सुकाणूचे चाकच नाही. वळवणे, वेग वाढवणे, थांबवणे सारे एका दांड्यावर. रेव्हेल कंपनीने या गाड्यांचे संच काढले आणि ज्या मुलांना मूळ गाडी कधीही दिसली नसती, त्यांच्या टेबलावर ती पोहोचली.

मिस्टेरियनची कथा मला विशेष वाटते. दोन फोर्ड इंजिने बसवलेली ती गाडी आज अस्तित्वात नाही. पुढे एका चाहत्याने ती पूर्ण आकारात पुन्हा घडवली, तेव्हा जुन्या छायाचित्रांबरोबर त्याला या छोट्या संचाचा आधार घ्यावा लागला. मूळ वस्तू गेली आणि मुलांचे खेळणे तिचा साक्षीदार ठरले. याच्या नेमके उलट घडले ते 'रेड बॅरन'च्या बाबतीत. टॉम डॅनियल या आरेखकाने १९६८ मध्ये मोनोग्राम कंपनीसाठी ही गाडी केवळ संच म्हणून कल्पिली. छत म्हणजे जर्मन शिरस्त्राण, आत पहिल्या महायुद्धातल्या विमानाचे इंजिन! पेटी इतकी लोकप्रिय झाली की डेट्रॉइटच्या चक मिलर यांनी नंतर त्या खेळण्यावरून खरी, चालणारी मोटार तयार केली. इतिहासाच्या तासाला अस्सल आणि नक्कल यांविषयी मी पुष्कळ बोलले आहे. पण या दोन पेट्या समोर ठेवल्यावर नववीच्या मुलांनी जेवढे प्रश्न विचारले, तेवढे पूर्वी कधी विचारले नव्हते.

मराठी शाळेत या परदेशी गाड्यांचे प्रयोजन काय, असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आपले देणगीदार शाळेत असताना असा संच दिल्लीच्या दुकानात मिळणे दुरापास्त होते; परदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि त्यांतले शेवटचे संख्यात्मक निर्बंध उठले ते २००१ मध्ये. दर्यागंजच्या पदपथावर रविवारी मांडलेल्या जुन्या मासिकांत त्यांनी या गाड्यांची चित्रे प्रथम पाहिली, असे त्यांनी पत्रात लिहिले आहे. आजही स्थिती फार सोपी नाही. २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क साठ टक्के झाले, २०२३ मध्ये सत्तर.

आणि खरी मोटार सजवावी म्हटले, तर? करोल बागेतल्या मोटार-सजावटीच्या बाजारातून जाताना तरुणांचे डोळे कसे चमकतात ते आपण पाहतो. पण उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी कायद्याला मान्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केले आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुनी डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोल गाडी चालवण्यावरच्या बंदीने तर आपल्यापैकी कित्येकांच्या घरची पहिली गाडी मायापुरीच्या भंगारात गेली. हे नियम सुरक्षेसाठी आणि हवेसाठी आहेत, त्यांविषयी माझी तक्रार नाही. इथल्या मुलाला मोटारीचे रूप आपल्या मनाप्रमाणे बदलून पाहायचे असेल, तर त्याला टेबलावरची सतरा सेंटीमीटरांची जागा तेवढी मोकळी आहे.

शिवाय प्रतिकृती घडवणे आपल्याला परके कुठे आहे? दिवाळीत मातीचा किल्ला करणारे आपण. सदनिकांच्या वसाहतीत माती मिळवण्यासाठी इथली मराठी मुले काय खटपट करतात, ते मी दरवर्षी पाहते. पुण्यात कर्वे रस्त्यालगत भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे; सिग्नल, पूल, घाट, गावे यांसह धावणारी ती सृष्टी एका माणसाच्या छंदातून निर्माण झाली. आपल्याजवळ हरियाणात तावडूला २०१३ मध्ये सुरू झालेले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. आठवीच्या मुलांना आम्ही तिथे नेले, तेव्हा खऱ्या मोटारींइतकीच ती जुन्या खेळण्यांच्या कपाटापाशी रेंगाळली.

गेल्या सहा महिन्यांत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही आधी स्वस्त, नव्या संचांवर हात बसवला. या कामाचा डिंक हा कागदाच्या डिंकासारखा नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. थेंब जास्त पडला की बोटाचा ठसा गाडीवर कायमचा उमटतो. त्याच्या वाफा श्वासात जाऊ नयेत म्हणून खिडक्या उघड्या लागतात. आणि नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या हवेमुळे त्याच खिडक्या बंद ठेवण्याचा आग्रह असतो! म्हणून डिंकाचे आणि रंगाचे काम आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतो, थंडीत केवळ कापणे, घासणे आणि वाचणे. पावसाळ्यातील दमट दिवशी रंग मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, हेही मुलांनी स्वतः नोंदवले आहे.

दिल्लीचे ऊन मात्र एका बाबतीत उपयोगी पडले. जुन्या संचांतील पाण्यात भिजवून लावायची चित्रे काळाने पिवळी पडतात. ती पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीला चिकटवून ठेवली की पिवळेपणा बराचसा उतरतो. शाळेच्या पश्चिमेकडील खिडकीत मे महिन्यात टांगलेल्या त्या पिशव्या काय होत्या, असे ज्यांनी विचारले, त्यांना हे उत्तर. जुने टायर हा आणखी एक धडा. त्यांच्यातील मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि ज्या प्लॅस्टिकला टायर टेकलेला असतो, ते वितळवते. न उघडलेल्या पेटीतही हे चालूच असते. मोहोर शाबूत आहे म्हणून आतली वस्तू शाबूत आहे, असे समजण्याचे कारण नाही.

सूचनापत्रकांचे काम मराठीच्या शिक्षिकांनी उचलले. पत्रके इंग्रजीत. दहावीच्या मुलांनी त्यांचे मराठी करावयास घेतले आणि पहिल्याच दिवशी अडली. 'आस' शब्द पुस्तकात वाचलेला, पण तो चाकाच्या मधोमध असतो हे हातात घेतल्यावर कळले. काहींनी आजोबांना फोन करून बैलगाडीच्या भागांची नावे विचारली. त्यातून 'आरा' आणि 'धाव' आमच्या पत्रकात आले. क्लच आणि रेडिएटर तसेच ठेवले, कारण नागपूरच्या गॅरेजातही त्यांना तेच म्हणतात.

आता त्या अकरा पेट्या. समितीत मतभेद झाले आणि ते खुलेपणाने झाले. मोहोरबंद पेटीला संग्राहक अधिक किंमत देतात. त्या विकाव्यात आणि त्या पैशात संगणक घ्यावेत, शिवाय कार्यानुभवाची खोलीही त्या संगणकांना द्यावी, असे एक मत होते. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवाव्यात, हे दुसरे. दोन्ही मते शाळेच्या हिताच्या कळकळीतून आली. माझे मत मी तेव्हा मांडले, आजही मांडते. संगणक हवेतच, ते आपण अन्य निधीतून घेऊ. पण ज्या एका खोलीत मूल चुकलेला भाग सोडवून पुन्हा बसवू शकते, ती खोली देऊन नव्हे. आणि कुलपातली पेटी कुणाला काय शिकवणार?

तरीही सरसकट सगळ्या उघडा, असे मी म्हटले नाही. आम्ही साच्यांची चौकशी केली. ज्या संचांचे साचे पुढे टिकले आणि ज्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यांची पेटी उघडल्याने जगातून काही नाहीसे होत नाही. मिस्टेरियन, बीटनिक बँडिट, रेड बॅरन या त्यांतल्या. परंतु एएमटीचे वार्षिक संच वेगळे. मोटारीचे नवे रूप आले की कंपनी जुन्याच साच्यात बदल करीत असे. त्यामुळे त्या त्या वर्षाचा संच पुन्हा तसाच निघणे शक्य राहिले नाही. अशा चार पेट्या बंद राहतील. त्यांची छायाचित्रे आणि वजन नोंदवून त्या उन्हापासून दूर, तळमजल्यावरील कपाटात ठेवल्या आहेत. माळ्यावर नव्हे, तिथे जूनमध्ये प्लॅस्टिक वाकते.

उरलेल्या सात पेट्यांपैकी पहिली, मिस्टेरियनची, येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता नववीच्या दोन मुली उघडतील. डिंकाला हात लावण्यापूर्वी त्या सर्व भाग मोजून सूचीशी ताडून पाहणार आहेत. देणगीदारांना मी हा निर्णय कळवला, तेव्हा त्यांनी एकच विनंती केली: घुमटाचा पारदर्शक भाग अगदी शेवटी बसवा आणि त्याला डिंकाचा हात लागू देऊ नका. ज्या माजी विद्यार्थ्यांचा मुक्काम शनिवारपर्यंत आहे, त्यांनी अवश्य यावे. खोली जुनीच आहे, जिन्याच्या उजव्या हाताची.